नवीन चर्च शोधताय? कोकणात राहायला आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे उत्तरं कुठून येतायत ते कळेल. मी नगरची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेली, आजोबा चर्चमध्ये पेटी वाजवायचे. नवरा वसईचा, पक्का कॅथलिक. त्याच्या बदलीमुळे आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो आणि पहिलं वर्षभर दर रविवारी कुठे ना कुठे जाऊन बसलो, मोजून सात ठिकाणं झाली. तेव्हापासून इकडे बदली होऊन येणारं कुठलंही ख्रिस्ती कुटुंब असलं की कोणीतरी माझा नंबर देतं, आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

इकडे निवडायला चर्च आहेत तरी किती?

तुम्ही कोकणात नेमके कुठे आहात त्यावर आहे. वसईत असाल तर हा प्रश्नच हास्यास्पद आहे, तिथे एका चर्चची घंटा वाजताना दुसऱ्याची ऐकू येते. पालघर आणि डहाणूकडे चर्च आहेत पण लांब लांब. रायगडात अलिबाग, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यात जुनी कॅथलिक वस्ती आहे. कोर्लईच्या लोकांची तर घरातली भाषाच वेगळी, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून तयार झालेली. पुढे दापोली, गुहागर, राजापूर या भागात आलात की नकाशा मोकळा पडतो, आणि सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ल्याकडे परत थोडा भरतो.

म्हणजे मुंबईत "वीस चर्च बघितली, एक आवडलं" असं होतं तसं इथे नाही. इथे तीन असतात, त्यातलं एक चाळीस किलोमीटरवर, आणि रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी. गुहागरकडच्या माणसाला दापोलीच्या बाजूला जायचं तर धोपावे-दाभोळ फेरीबोट, आणि हवा वादळी असली की फेरीचा भरवसा नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे पावसात सुद्धा कुठवर पोचता येतं ते बघा.

आम्ही कॅथलिक आहोत. आम्हाला चर्च निवडायचा अधिकार असतो का?

असतो पण आणि नसतो पण. कॅथलिकांमध्ये पॅरिश पत्त्यावरून ठरतं, तुम्ही ज्या हद्दीत राहता तिथले फादर ते तुमचे फादर. लग्न, स्नानसंस्कार (म्हणजे बाप्तिस्मा), दाखले, सगळं तिथून. मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, मात्र कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये बसा, रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही होतं, जे कोकणात फार उपयोगी आहे कारण शनिवारी बाजाराला तालुक्याला गेलात की एका फेरीत दोन्ही कामं.

धर्मप्रांतांची (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांची) हद्द माहीत असली की दाखल्यांसाठी चकरा वाचतात. वसई, पालघर, डहाणू हा वसई धर्मप्रांत, 1998 मध्ये मुंबईपासून वेगळा झालेला. रायगड अजून मुंबईच्या आर्चबिशपांकडे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, जो 2005 मध्ये पुण्यापासून वेगळा काढला. माझ्या नवऱ्याने दोन महिने "आपलं हेड ऑफिस पुण्याला" असं समजून घालवले.

केरळकडचे सिरो-मलबार (कॅथलिकच, पण वेगळ्या परंपरेचे) असाल तर तुमची वेगळी व्यवस्था आहे, 1988 पासून कल्याणला तुमचा स्वतःचा धर्मप्रांत आहे, आधी तिकडे विचारा.

मी प्रोटेस्टंट आहे, सुरुवात कुठून करू?

जिथे मिशन हॉस्पिटल किंवा मिशनची शाळा होती तिथून. हे माझं साधं गणित आहे आणि बहुतेक वेळा बरोबर येतं. आपल्याला वाटतं कोकणात प्रोटेस्टंट म्हणजे नवीन काहीतरी, पण 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला येऊन बसले होते, आणि ज्यांच्या नावाने मुंबईत विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन मराठी शिकायला आधी हर्णै-बाणकोटकडेच राहिले. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांनी सेंट ल्युक्स हॉस्पिटल चालवलं, तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा 1919 मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. आणि ज्यांची भजनं आपण सगळे गातो ते रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. म्हणजे नगरवाल्यांनी टिळक आमचे आमचे म्हणून कितीही मिरवलं (मी पण मिरवते) तरी माणूस कोकणचाच.

या जुन्या मिशनच्या मंडळ्यांपैकी बऱ्याच आता सीएनआयमध्ये आहेत. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय झालं, त्यामुळे दोन सीएनआय चर्चमध्ये सुद्धा पद्धत वेगळी दिसू शकते, एकाला अँग्लिकन वळण, दुसऱ्याला प्रेस्बिटेरियन. गोंधळू नका.

बोर्डावरच्या नावावरून आत काय असेल ते कळतं का?

थोडंफार. मेथडिस्ट असेल तर सीएनआयवाल्याला घरच्यासारखंच वाटेल. मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) असेल तर तिथे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (कम्युनियन) हे विधीच करत नाहीत, हे आधी माहीत नसलं तर माणूस वाट बघत बसतो. सेव्हन्थ डे वाल्यांची उपासना शनिवारी, रविवारी गेलात तर कुलूप. ब्रदरन मंडळीत पगारी पाळक नसतो, वडीलजन चालवतात, दर रविवारी भाकर मोडतात, आणि बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची असते. पेंटेकॉस्टल म्हणजे टाळ्या, गिटार, ड्रम, अन्य भाषेत प्रार्थना, आणि उपदेश तासाच्या आत संपला तर नशीब.

पण "फेलोशिप", "मिनिस्ट्रीज", "प्रार्थना भवन" असं नुसतं लिहिलेलं असेल तर बोर्डावरून काही कळत नाही, आत जाऊनच बघावं लागतं. त्यातली काही फार प्रेमळ असतात. काही एका माणसाची खासगी मालमत्ता असल्यासारखी चालतात.

बघायला कधी जावं?

याचं उत्तर मी सगळ्यांना सगळ्यात जोरात सांगते. जुलैमध्ये.

नाताळात जाऊ नका. मे महिन्यात जाऊ नका. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, तर अजिबात जाऊ नका. या तिन्ही वेळेला मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, चर्च गच्च, कॉयरमध्ये गोरेगाव-कांदिवलीची पोरं, नवीन कपडे, बाहेर गाड्यांची रांग, आणि तुम्हाला वाटतं वा काय जिवंत मंडळी आहे. आम्ही असेच एका ठिकाणी मेमध्ये गेलो, दीडशे माणसं, जेवण, खेळ, मी नवऱ्याला म्हटलं झालं, हेच आपलं चर्च. जूनच्या तिसऱ्या रविवारी गेलो तर आम्ही चौघं, पास्टर, त्यांची बायको, आणि एक आजी ज्या शेजारीच राहतात. आता त्या आजी फार गोड होत्या आणि लहान मंडळी वाईट असते असं मी मुळीच म्हणत नाही, पण मेमधल्या त्या दीडशे माणसांनी मला जे कबूल केलं होतं, की ताई आम्ही आहोत, काही लागलं तर सांगा, ती सगळी बोरिवलीत होती.

जुलैत खरी मंडळी दिसते. पत्र्यावर पाऊस असा वाजतो की उपदेशातलं एक अक्षर ऐकू येत नाही, लाईट गेलेली, पेटीचे सूर ओलाव्याने बसलेले, शेतीची कामं चालू म्हणून अर्धी माणसं चिखलाचे पाय धुऊन थेट आलेली. आणि किनाऱ्यावर असाल तर अजून एक गोष्ट, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी कुटुंबातले पुरुष घरी असतात आणि चर्चला पण दिसतात, ऑगस्टनंतर त्यातले बरेच समुद्रावर. म्हणून बंदर असलेल्या गावात जुलैला एकदा आणि ऑक्टोबरला एकदा जा.

पहिल्यांदा जाताना काय काळजी घ्यायची? कपडे, बसणं, चपला वगैरे?

साधे नीट कपडे. काही जुन्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला बायका दुसऱ्या बाजूला बसतात, म्हणून आत शिरल्या शिरल्या बसू नका, दोन मिनिटं मागे उभं राहून बघा. घरातल्या प्रार्थनेला किंवा सतरंजी घातलेली असेल तिथे चपला बाहेर. नवीन माणसाला उभं करून नाव गाव सांगायला लावतात, तयारी ठेवा. आमच्याकडे "सलाम" म्हणायची पद्धत, कॅथलिक चर्चमध्ये मी एका म्हाताऱ्या बाईंना सलाम केला तर त्या इकडे तिकडे बघायला लागल्या.

आणि एक माझी फजिती. प्रभूची प्रार्थना आम्ही प्रोटेस्टंट "कारण राज्य" वगैरे म्हणून शेवटपर्यंत एका दमात नेतो. मिस्सेमध्ये तसं नसतं, ती मध्ये थांबते, फादर काहीतरी म्हणतात, मग पुढचं. मला कोणी सांगितलं नव्हतं. अख्खं चर्च शांत झालं आणि मी एकटी खणखणीत आवाजात राज्य आणि पराक्रम घेऊन पुढे निघाले. नवरा अजून चिडवतो.

कम्युनियन घ्यावं का नको?

कॅथलिक मिस्सेत तुम्ही कॅथलिक नसाल तर घेऊ नका, जागेवर बसून राहा, कोणी वाईट मानत नाही. उलट कॅथलिक माणसाने प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रभुभोजन घेऊ नये असा त्यांच्या चर्चचा नियम आहे. सीएनआय, मेथडिस्ट वगैरेमध्ये दुसऱ्या मंडळीच्या दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वासाची जाहीर कबुली) झालेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी बोलावतात, पण पाळकांना आधी एक शब्द विचारलेला बरा. द्राक्षारस की द्राक्षाचा रस यावरून वाद घालू नका, पाहुणे आहात.

भाषेचं काय? घरात मालवणी, चर्चमध्ये मराठी, मुलांना इंग्लिश.

हा प्रश्न माझ्या मते उपदेशापेक्षा पण मोठा आहे, कारण माणूस प्रार्थना ज्या भाषेत शिकला त्याच भाषेत रडतो.

वसईकडे मराठी उपासना इतकी मुरलेली आहे की तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घरात कुणी सामवेदी बोलतं कुणी वाडवळी, पण चर्चमध्ये छान मराठी. दक्षिणेकडे गोव्याच्या जवळ आलात की कोंकणी ऐकू येते. घाटावरून आलेल्या माझ्यासारखीला पहिल्या कोंकणी भक्तीला निम्मं कळलं, निम्मं अंदाजाने. एमआयडीसी असेल तिथे, लोट्याच्या आसपास म्हणा, मल्याळम, तमिळ, हिंदी बोलणारी कामगार कुटुंबं असतात आणि त्यांच्या प्रार्थना भाड्याच्या हॉलमध्ये.

शब्द पण बदलतात. आमचा बाप्तिस्मा तो त्यांचा स्नानसंस्कार, आमचे पाळक ते त्यांचे धर्मगुरू, आमची उपासना ती त्यांची मिस्सा. त्यांच्या बायबलमध्ये 73 पुस्तकं, आपल्यात 66. पहिल्यांदा वाचनाला त्या जास्तीच्या पुस्तकांतलं "मक्काबी" ऐकलं तेव्हा मी पानं उलटत राहिले.

प्रोटेस्टंट मंडळी कुठल्या वळणाची आहे ते ओळखायची माझी खूण म्हणजे बाकावर "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक आहे का. असेल तर नगर, कोल्हापूर, रत्नागिरी कुठूनही आलात तरी गाणी ओळखीची निघतात. फक्त स्क्रीन असेल आणि सगळी गाणी हिंदी-इंग्लिश वरशिप साँग असतील तर तरुण पोरांना आवडेल, तुमच्या सासूबाई मात्र दोन रविवारात "गुडघे दुखतात" म्हणून घरी बसतील. गुडघ्यांचा काही संबंध नसतो.

पास्टर फार छान बोलतात, म्हणून तिथेच जायचं ठरवलंय. बरोबर ना?

नाही. फादरांची बदली होते, सीएनआयच्या पाळकांची पण होते, छान बोलणारा गेला की मग काय? पास्टर बाहेरगावी गेलेले असताना जाऊन बघा. कोण उभं राहतं, कोण वाचतं, बायकांना पुढे येऊ देतात का, का सगळे "आज काय नाय" म्हणून अर्ध्या तासात घरी. आणि जिथे पास्टर कायमचे, संस्थापक तेच, खजिनदार त्यांच्या मिसेस आणि सेक्रेटरी मेव्हणे, तिथे उपदेश कितीही छान असला तरी मी तरी मेंबर होणार नाही.

एका ठिकाणी किती वेळा जायचं?

निदान चार वेळा, त्यातला एक प्रभुभोजनाचा रविवार. एका रविवारी तर आमच्या घरी पण आम्ही चांगले दिसतो.

ते म्हणतात तुमचा लहानपणीचा बाप्तिस्मा चालत नाही, परत घ्या. काय करू?

घाई करू नका. कॅथलिक चर्च आणि सीएनआय दोघंही पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच मानतात, परत देत नाहीत. सीएनआयमध्ये तर बालबाप्तिस्मा आणि मोठेपणी कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्मा दोन्ही मार्ग मान्य आहेत. पेंटेकॉस्टल, बॅप्टिस्ट, ब्रदरन यांची शिकवण वेगळी, मोठेपणी पाण्यात बुडवूनच. ती त्यांची श्रद्धा आहे, प्रामाणिक आहे, चेष्टा करायचं कारण नाही. पण दुसऱ्याच भेटीत "पुढच्या रविवारी समुद्रावर या" म्हणाले तर मी सांगेन की घरी चर्चा करतो. पटलं तर जरूर घ्या, फक्त हे माहीत असू द्या की कॅथलिक घरात याला साधी गोष्ट समजत नाहीत, लग्नाच्या वेळी, अंत्यविधीच्या वेळी हा विषय परत वर येतो.

दशमांश, पाकीट, वर्गणी. पैशाचं कसं विचारायचं?

सरळ विचारायचं, ऑडिट होतं का, वार्षिक सभा कधी. रजिस्टर ट्रस्ट असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवावाच लागतो. चांगल्या मंडळीत कोणीतरी काका चष्मा लावून वही उघडूनच दाखवतात, त्यात मेणबत्त्या सतरा रुपये असं पण लिहिलेलं असतं. एका ठिकाणी मी विचारलं तर "ताई, देवाच्या कामात अविश्वास?" असं उत्तर आलं. परत गेलो नाही.

बाकी नवीन माणसाने पहिल्याच दिवशी दशमांश द्यायची गरज नाही. हंगामाच्या सणाला मात्र पिशवी घेऊन जा. लोकांनी आणलेले नारळ, सुपारी, भोपळे, तांदूळ, कोंबडे यांचा लिलाव होतो आणि त्यात जी मजा येते ती कुठल्याच उपदेशात नाही. आमच्या ह्यांनी साडेचारशेला कोंबडा घेतला, तो घरी पोचायच्या आत रिक्षातून उडाला.

ते म्हणाले गोळ्या बंद करा, प्रार्थनेने बरं होईल.

उठा आणि निघा. शुगर, बीपी, फिट्स, मनाच्या आजाराच्या गोळ्या, कुठल्याच गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. आजाऱ्यासाठी प्रार्थना सगळीकडे करतात, आणि याच किनाऱ्यावर मिशनवाल्यांनी प्रार्थनेबरोबर हॉस्पिटलं बांधली होती.

मुलांचं संडे स्कूल?

कोण शिकवतं, एकटंच मोठं माणूस मुलांबरोबर बंद खोलीत असतं का, हे बघा. मुलांना आवडलं का ते गाडीत बसल्यावर विचारा, चर्चच्या दारात नको. लहान मंडळीत चारच मुलं असतात आणि पाच वर्षाचं आणि चौदा वर्षाचं एकाच वर्गात, ते चालून जातं.

चर्चमध्ये जात बघतात का?

बघू नये. काही ठिकाणी बघतात. तोंडावर कोणी म्हणत नाही पण "तुम्ही मूळचे कुठले", "आडनाव काय म्हणालात", "म्हणजे मिशनच्या कंपाउंडमधले का" हे प्रश्न चहाच्या कपाबरोबर येतात आणि विचारणारा काय मोजतोय ते आपल्याला कळतं. मला एका ठिकाणी विचारलं, मी सांगितलं, आणि पुढच्या रविवारी त्या बाईंच्या शेजारची जागा त्यांच्या पर्सने धरलेली होती. आडनावावरून लग्नं, आडनावावरून कमिटी, हे वाडीतून देवळात जातं तसंच चर्चमध्ये पण येतं. मी अशा वेळी एकच बघते, की त्या मंडळीतल्या कोणी पर्स उचलून "बसा हो ताई" म्हटलं का. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

नवरा-बायको वेगवेगळ्या चर्चचे असतील तर?

आमचंच घर. लग्न कॅथलिक चर्चमध्ये, परवानगी घेऊन. अशा लग्नात कॅथलिक जोडीदाराला शब्द द्यावा लागतो की मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा आपण होईल तेवढा प्रयत्न करू. हे लग्नाआधी नीट वाचा, नंतर पाळण्याशी उभं राहून भांडू नका. आम्ही काय करतो तर हे शनिवारी संध्याकाळी मिस्सेला जातात, मुलं त्यांच्याबरोबर, आणि रविवारी मी माझ्या चर्चला, बऱ्याचदा सगळेच. दोन्हीकडचे लोक आधी कुजबुजले. आता दोन्हीकडून नाताळाला करंज्या येतात.

मेंबर होणं एवढं गरजेचं आहे का? नुसतं जात राहिलं तर?

जात राहा की, कोण अडवतं. पण एक विषय कोणी बोलत नाही तो मी बोलते. माती.

कोकणात दफनभूमी बहुतेक त्या त्या चर्चची असते, जागा लहान, एका बाजूला कोणाची तरी बाग, दुसऱ्या बाजूला वहाळ. माणूस गेला की पहिला प्रश्न असतो "कुठल्या चर्चचे मेंबर?" आमच्या ओळखीचं एक कुटुंब, आठ वर्षं एका फेलोशिपला जात होतं, हॉल भाड्याचा, दफनभूमी नाही. वडील ऑगस्टमध्ये वारले. जुन्या चर्चमधून नाव कमी झालेलं, नवीन चर्चकडे जमीन नाही, पाऊस थांबत नव्हता, दुपारपर्यंत फोनाफोनी. शेवटी जुन्याच चर्चच्या एका म्हाताऱ्या पंचाने कमिटीशी भांडून जागा मिळवून दिली आणि चार गावकऱ्यांनी, त्यातले तीन हिंदू होते, खड्ड्यातलं पाणी बादल्यांनी उपसलं.

म्हणून मेंबर व्हायच्या आधी विचारा. दफनभूमी आहे का, कोणाच्या नावावर आहे, मेंबरच्या घरातलं कोणी दुसऱ्या मंडळीचं असेल तर त्याला जागा मिळते का. पाळकांना हा प्रश्न विचारताना अवघड वाटतं, पण तुम्ही विचारला की ते पण सुटका झाल्यासारखे बोलतात.

लग्नाचं पण तेच. कॅथलिकांना लग्नाच्या वेळी स्नानसंस्काराचा नवा दाखला लागतो, सहा महिन्यांच्या आतला, जुनी पिवळी पडलेली प्रत चालत नाही.

जुन्या चर्चला कसं सांगायचं?

स्वतः जाऊन, आणि बदली पत्र मागून. पत्र म्हणजे तुम्ही तिथले सभासद होता, दृढीकरण झालंय, एवढंच दोन ओळीत. वर्गणी बाकी असेल तर भरून टाका, त्यावरून पत्र अडतं. न सांगता गायब होणं सगळ्यात वाईट, दोन वर्षांनी दाखला मागायला जाल तेव्हा त्याच सेक्रेटरीसमोर उभं राहावं लागतं. भांडून निघाला असाल तरी नवीन ठिकाणी पहिल्याच चहाला जुन्या चर्चचं गाऱ्हाणं घालू नका, कोकणात सगळे सगळ्यांचे मावसभाऊ असतात.

सारखी चर्च बदलतात म्हणून लोक नावं ठेवतात.

ठेवू द्या. मला "फिरती ताई" म्हणायचे. पण वर्ष झालं, दोन झाली, तरी ठरत नसेल तर मग शोध खरंच चर्चचाच आहे का हे स्वतःला विचारा.

ख्रिस्ती नसलो आणि नुसतं बघायला जायचं असेल तर?

जा. मागच्या बाकावर बसा, फोटो काढू नका. नाव नोंदवायची, कशावर सही करायची काही गरज नाही.

कुठलंच पसंत नाही पडलं तर?

घरात प्रार्थना ठेवा, दोन-तीन कुटुंबं मिळून, आणि महिन्यातून एकदा लांबच्या चर्चला. कॅथलिक असाल तर तुमच्या भागातल्या छोट्या समूहाच्या प्रार्थनेला जा, तिथे फादर नसले तरी माणसं भेटतात. शेवटी खेडेगावातल्या कितीतरी मंडळ्या अशाच कोणाच्या तरी पडवीत सुरू झाल्या.

मग तुम्ही कुठे थांबलात?

चौदा घरांची मंडळी आहे. गाणी बेसूर, उपदेश ठीकठाक, पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नाही. जुलैच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पोचलो तेव्हा छत गळत होतं आणि सगळी मंडळी बाक ओढून कोरड्या कोपऱ्यात दाटीने बसली होती, एका काकूंनी काही न विचारता माझ्या धाकटीला उचलून मांडीवर घेतलं कारण तिच्यासाठी जागाच नव्हती. आडनाव त्यांनी मला नाताळानंतर विचारलं, ते पण केक पाठवायचा होता म्हणून.

उपासना साडेनऊला असते, पण दहाच्या आत कोणी येत नाही. पावणेनऊची एसटी मिळाली तर स्टँडवर उतरून चालत दहा मिनिटं, नाही मिळाली तर मला फोन करा, ह्यांची गाडी स्टँडवरूनच जाते. छत्री मात्र आणा, छत अजून गळतं.